आधी पोट, मग मान : हिंगोली जिल्ह्यातल्या एका घरातील ‘मेन-२ए’चे प्रकरण

‘मेन-२ए’ म्हणजे मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया, प्रकार २ए : एका बिघडलेल्या जनुकामुळे अनेक संप्रेरक ग्रंथींत गाठी करणारा आनुवंशिक आजार. या प्रकरणातले घर खरे नाही. अशा रुग्णांत जे प्रत्यक्ष घडते ते एका कुटुंबात गुंफून मांडले आहे. औषधे, मात्रा, मर्यादा आणि संशोधनाचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

रुग्ण

वसमत तालुक्यातली ३४ वर्षांची शेतकरी बाई, वजन ५२ किलो, दोन मुले. चार वर्षांपासून झटके येत होते. अचानक डोके ठणकायचे, छातीत धडधड व्हायची, अंगभर घाम फुटायचा आणि चेहरा पांढराफटक पडायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळे शांत. खाली वाकून कापूस वेचताना झटका हमखास यायचा. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी १२४/८० झालेले असायचे, त्यामुळे कागदावर ‘टेन्शन’ लिहिले गेले. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल आणि डोकेदुखीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू झाले. प्रोप्रानोलॉलनंतर झटके कमी व्हायच्या ऐवजी जास्त जोराचे झाले. ही खूण तेव्हाच लक्षात यायला हवी होती.

पुढे मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ दिसली. टीएसएच (थायरॉइडला चालवणारे संप्रेरक) नॉर्मल. सुईच्या तपासणीचा अहवाल ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’, म्हणजे बेथेस्डा वर्गवारीत ४ : कर्करोग आहे की नाही हे सुईने ठरत नाही अशी गाठ. जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी रुग्णालयात थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली. भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालताना बीपी २३६/१२८ वर गेले आणि नाडी १५० झाली. भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया तिथेच थांबवली. या सगळ्या प्रवासातला सर्वांत चांगला निर्णय तो. ‘बीपी उतरले, आता उरकून घेऊ’ असा आग्रह अशा वेळी होतोच, आणि त्यातून टेबलावर मृत्यू होतात.

मानेच्या गाठीसाठी पोट का तपासायचे

थायरॉइडची गाठ आणि असे झटके एकाच माणसात दिसले, की एक जोडी डोक्यात यावी लागते: मेड्युलरी थायरॉइड कर्करोग आणि फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ). पहिला थायरॉइडमधल्या सी-पेशींचा कर्करोग असून त्या पेशी कॅल्सिटोनिन बनवतात. दुसरी अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली (पोटात, मूत्रपिंडावर बसलेली ग्रंथी) गाठ, ती अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते. ही जोडी सिपल यांनी १९६१ मध्ये नोंदवली. तिच्यामागे रेट जनुक असल्याचे १९९३ मध्ये कळले. हीच जोडी म्हणजे ‘मेन-२ए’चा गाभा. कर्करोग, संप्रेरकांचा आजार आणि दुर्मिळ आनुवंशिक आजार, तिन्ही एकाच घरात नांदवणारे हे दुखणे आहे.

मेन-२ मधली फिओ प्रामुख्याने अ‍ॅड्रिनलिन बनवते, म्हणून बीपी सतत चढलेले नसते. ते झटक्यापुरते चढते आणि उतरते. दवाखान्यातल्या एका नॉर्मल मोजमापाने काहीच सिद्ध होत नाही.

प्रोप्रानोलॉलने झटके का वाढले, याचे कारण सरळ आहे. अ‍ॅड्रिनलिन बीटा-२ ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे संप्रेरक जिथे येऊन बसते ती पेशीवरची जागा) स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि अल्फा ग्राहींमार्फत इतर वाहिन्या आवळते. प्रोप्रानोलॉलने बीटा ग्राही आधी बंद केले तर आवळणारा अल्फा परिणाम एकटाच उरतो. मेटोक्लोप्रमाइडचे उलटीचे इंजेक्शन आणि मोठ्या मात्रेतले स्टेरॉइडही अशा रुग्णाला संकटात ढकलू शकतात. गावोगावच्या सलाइनमध्ये नेमकी हीच दोन इंजेक्शने सर्रास पडतात.

लघवीचा कॅन

निदानाचा पाया म्हणजे मेटानेफ्रिन्स, वरची दोन संप्रेरके मोडून तयार होणारे पदार्थ. रक्तातली करायची तर रुग्णाला किमान २० मिनिटे आडवे झोपवून नमुना घ्यावा लागतो, तो बर्फात ठेवून लगेच फिरवून वेगळा करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी हे जमत नाही. म्हणून २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स मागवली. अ‍ॅमिट्रिप्टिलिनमुळे नॉरमेटानेफ्रिन खोटेच वाढू शकते, म्हणून ते दोन आठवडे आधी बंद केले. प्रोप्रानोलॉल तर संशय आला त्याच दिवशी थांबवले होते.

पहिला नमुना वाया गेला. कॅनमध्ये तळाशी थोडे आम्ल असते. घरच्यांना वाटले कॅन धुतलेला नाही, म्हणून त्यांनी तो विसळून टाकला. शिवाय बाई दिवसभर रानात होत्या, तिथली लघवी कॅनमध्ये आलीच नाही. एकूण आकारमान ६५० मिली भरले, क्रिएटिनिन ३१० मिग्रॅ. क्रिएटिनिन लघवीतून रोज ठरावीक प्रमाणात पडते, बायकांमध्ये ते दिवसाला किलोमागे साधारण ११ ते २० मिग्रॅ असते. ५२ किलोला किमान ५७० तरी यायला हवे. म्हणजे संकलन अर्धवट. अशा नमुन्यातली मेटानेफ्रिन्स ‘नॉर्मल’ आली तर फाइल बंद होते. म्हणून क्रिएटिनिनशिवायचा अहवाल स्वीकारू नये.

दुसऱ्या वेळी सूचना कागदावर मराठीत लिहून दिल्या. रानातली कामे नसतील असा दिवस निवडायचा. सकाळी ६ ची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू. प्रत्येक वेळी मगमध्ये करून मग कॅनमध्ये ओतायची, थेट नाही, आम्लाने भाजते. कॅन सावलीत, ओल्या पोत्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ची लघवी घेऊन संपवायचे. या वेळी १८५० मिली आणि क्रिएटिनिन ८२० मिग्रॅ. मेटानेफ्रिन लॅबच्या वरच्या मर्यादेच्या आठपट. तिप्पट-चौपटीच्या पुढे शंकेला फारशी जागा उरत नाही.

मग पोटाचा सीटी. उजव्या अ‍ॅड्रिनलमध्ये ४.२ सेमीची गाठ, डावी बाजू स्वच्छ. या गाठीत सुई घालायची नसते, कधीच नाही.

उन्हात विरघळलेला आकडा

कॅल्सिटोनिनचा पहिला अहवाल २१० पिकोग्रॅम प्रति मिली आला. बायकांमध्ये तो साधारण १० च्या आत असतो, तेव्हा निदानाला हाही पुरेसा होता. खटकली ती नमुन्याची वाट. रक्त सकाळी ११ ला काढले, दिवसभर संकलन केंद्राच्या टेबलावर राहिले, संध्याकाळी गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी लॅबला पोचले. महिना एप्रिल. कॅल्सिटोनिन हे साधे पेप्टाइड आहे. खोलीच्या तापमानाला ते तासागणिक मोडत जाते, आणि मराठवाड्यात एप्रिलमधली खोली म्हणजे काय ते सांगायला नको.

दुसरा नमुना नांदेडला घेतला. अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज, सीरम गोठवून ड्राय आइसमध्ये रवाना. आकडा ६४० आला. उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार कॅल्सिटोनिन ५०० च्या वर असेल तर मान, छाती आणि यकृताचे स्कॅन शस्त्रक्रियेआधी करायचे असतात. २१० वर थांबलो असतो तर ते झाले नसते. सीईए (या कर्करोगाची रक्तातली दुसरी खूण) ३८ होते. यकृत, फुप्फुस स्वच्छ. उजव्या बाजूच्या मानेत दोन संशयित लसिका ग्रंथी.

सुई तपासणीच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा पाहायला दिल्या. कॅल्सिटोनिनचा रंग लावल्यावर पेशी चमकल्या. मेड्युलरी कर्करोगाच्या जवळपास निम्म्या गाठी साध्या सुई तपासणीत ओळखू येत नाहीत, त्यामुळे पहिल्या अहवालावर राग धरण्यात अर्थ नाही. गाठीच्या प्रत्येक रुग्णात कॅल्सिटोनिन करावे की नाही यावर जगभर वाद आहे. झटके असलेल्या रुग्णात तो वादच नाही.

पाठीवरचा नायटा आणि सासूबाई

तपासताना पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधोमध, तळहाताएवढा तपकिरी खरखरीत पट्टा दिसला. खाज वर्षानुवर्षांची. नायटा म्हणून स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावून झालेली. हा क्युटेनियस लायकेन अ‍ॅमिलॉइडोसिस. रेट जनुकाच्या ६३४ व्या कोडॉनमधल्या (कोडॉन म्हणजे जनुकातला तीन अक्षरांचा शब्द) बदलाशी त्याचे विशेष नाते आहे, आणि पुष्कळदा तो कर्करोगाच्या कितीतरी वर्षे आधी दिसतो.

‘माहेरी कुणाला थायरॉइड, बीपी?’ या ठरावीक प्रश्नाला उत्तर मिळाले: वडील ४६ व्या वर्षी शेतात काम करताना अचानक गेले, ‘अटॅक’ म्हणून. पट्ट्याबद्दल विचारल्यावर मात्र त्या म्हणाल्या, “आत्याच्या पाठीवर बी असंच हाय.”

आत्या म्हणजे सासूबाई. नवऱ्याने मामाची मुलगी केलेली, मराठवाड्यात अनेक घरांत चालणारी सोयरीक. इथे आनुवंशिकतेचे नेहमीचे गणित बदलते. हा आजार प्रभावी पद्धतीने उतरतो, एका पालकाकडून आलेले बिघडलेले जनुक पुरेसे असते आणि प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. एरवी फक्त बाईचे माहेर तपासून भागते. इथे माहेर आणि सासर एकाच रक्ताचे. वडिलांच्या बहिणीला धोका ५० टक्के, तिच्या मुलाला, म्हणजे रुग्णाच्या नवऱ्याला, २५ टक्के. नवरा वाहक निघाला असता तर मुलांचा हिशोब पार बदलला असता. आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यताही उभी राहिली असती. तेव्हा वंशवेल काढताना ‘नवरा नात्यातला आहे का, कोणत्या नात्याने’ हा प्रश्न पहिल्या पानावर हवा.

जनुक तपासणी मात्र सोपी आहे. २-३ मिली रक्त, जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. डीएनए टणक असतो, दोन-तीन दिवसांच्या उन्हातल्या प्रवासाने त्याचे बिघडत नाही. कॅल्सिटोनिनसाठी लागणारी बर्फाची सगळी कसरत इथे नको. रुग्णाचा अहवाल: रेट, एक्झॉन ११, कोडॉन ६३४, सिस्टीनच्या जागी आर्जिनीन (दोन्ही प्रथिनाचे घटक). पेशीबाहेरच्या भागातली सिस्टीनची एक जोडी तुटते, एकटे पडलेले सिस्टीन शेजारच्या रेट प्रथिनातल्या तशाच एकट्या सिस्टीनशी बंध बांधते, आणि दोन्ही प्रथिने कायम ‘चालू’ राहतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा तसे.

एकदा बदल नेमका कळला की नातेवाइकांत तेवढीच एक जागा वाचायची असते, त्यामुळे खर्चही कमी. निकाल असे: सासूबाई, वय ६१, पॉझिटिव्ह. नवरा निगेटिव्ह. मुलगी, वय ९, निगेटिव्ह. मुलगा, वय ४, पॉझिटिव्ह. मुलीचा निकाल घरच्यांना नीट समजावून द्यावा लागला. ‘आता नाही, पुढे होईल’ असे तिच्या बाबतीत काही नाही. तिला या आजारासाठी पुन्हा एकही तपासणी नको, तिच्या मुलांनाही नको.

तयारी: मीठ घाला

फिओ आधी, थायरॉइड नंतर. उलटे केले तर पहिल्या वेळचा प्रसंग पुन्हा घडतो. त्याआधी अल्फा-ब्लॉकर, किमान ७ ते १४ दिवस. फिनॉक्सीबेन्झामिन किंवा प्राझोसिन, दोन्ही चालतात. इथे लांब परिणामाची प्राझोसिन एक्सएल २.५ मिग्रॅ रात्री सुरू करून, दिवसाआड वाढवत १० मिग्रॅ दोन वेळा इथवर नेली. पहिला डोस अंथरुणावर बसूनच घ्यायचा. रात्री संडासला उठताना कुणीतरी सोबत हवे, उकिडवे बसून एकदम उठल्यावर चक्कर येऊन पडण्याचा धोका पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जास्त.

सगळ्यात अवघड गेले ते मीठ. ‘बीपीला मीठ वाईट’ एवढेच ऐकलेल्या घराला आता मीठ वाढवा सांगायचे. कारण असे की वाहिन्या आवळलेल्या असल्याने शरीरातले पाणी आटलेले असते. अल्फा-ब्लॉकरने वाहिन्या सैल झाल्या की ती पोकळी भरायला मीठ आणि पाणी लागते. नाहीतर गाठ निघताच बीपी कोसळते. तिसऱ्या दिवसापासून खारे ताक, लोणचे, पापड, ठेचा आणि रोज अडीच-तीन लिटर पाणी.

पाचव्या दिवशी, अल्फा बसल्यानंतर, नाडी ११० राहिली म्हणून मेटोप्रोलॉल २५ मिग्रॅ दोन वेळा. अल्फा आधी, बीटा नंतर, हा क्रम मोडायचा नाही. तयारी पुरी झाल्याची कसोटी अशी: बसून बीपी १३०/८० च्या आत, उभे राहिल्यावर वरचे बीपी ९० च्या खाली नाही, बसलेली नाडी ६० ते ७०. घरी आशाताईंनी रोज सकाळ-संध्याकाळ बसून आणि उभे करून मोजले, वहीत लिहिले. चौदाव्या दिवशी वहीवरूनच तारीख ठरली.

दोन शस्त्रक्रिया

उजवी अ‍ॅड्रिनल दुर्बिणीतून काढली. गाठीला हात लागताच बीपी २१० पर्यंत गेले. नायट्रोप्रुसाइड आणि मॅग्नेशियमने आवरले. शीर बांधल्यावर चार मिनिटांत ७८ वर आले. सलाइन, नॉरअ‍ॅड्रिनलिन द्यावे लागले, रात्री उशिरा ते सुटले. दुसऱ्या तासाला साखर ५८ निघाली. अ‍ॅड्रिनलिन इन्सुलिनला दाबून ठेवते. गाठ गेली की इन्सुलिन उसळते. भुलीच्या गुंगीत हे लक्षात येत नाही, म्हणून पहिले २४ तास साखर ठरलेल्या वेळी मोजायचीच.

मेन-२ मध्ये दुसऱ्या अ‍ॅड्रिनललाही पुढे गाठ होण्याची शक्यता मोठी असते. तशी वेळ आली तर पूर्ण ग्रंथी न काढता बाहेरचे कवच राखून शस्त्रक्रिया करावी, असे आमचे ठाम मत आहे. दोन्ही ग्रंथी गेल्या तर आयुष्यभर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन लागते. गावात गोळी संपली, त्यात जुलाब लागले, तर दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पाच आठवड्यांनी पूर्ण थायरॉइड, मधल्या कप्प्यातल्या आणि उजव्या बाजूच्या लसिका ग्रंथी काढल्या. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, कॅल्शियम ७.४. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट हळू, मग गोळ्या. सहा आठवड्यांत पॅराथायरॉइड (थायरॉइडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी) सावरल्या.

यानंतर एक चूक ठरलेली असते. ‘थायरॉइडचा कर्करोग’ एवढेच वाचून कुणीतरी रेडिओ-आयोडीनला पाठवते, किंवा थायरॉक्सिन वाढवून टीएसएच दाबून टाकते. सी-पेशी आयोडीन घेत नाहीत आणि टीएसएचचे ऐकत नाहीत. दोन्हीचा उपयोग शून्य. थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, उद्देश एवढाच की टीएसएच नॉर्मल राहावा. डिस्चार्ज कार्डावर हे ठळक अक्षरात लिहिले.

तीन महिन्यांनी कॅल्सिटोनिन १४, पुढच्या सहा महिन्यांनी १५. शून्य नाही, पण दुप्पट व्हायला लागणारा काळ हाच खरा मापदंड. सहा महिन्यांच्या आत दुप्पट होत असेल तर काळजी, दोन वर्षांहून जास्त लागत असतील तर वाट पाहायची. तपासणी दर वेळी त्याच लॅबला, गोठवूनच.

सासूबाई आणि नवी गोळी

सासूबाईंच्या मानेत १२ वर्षांपासून गलगंड. त्यांचेही आधी पोट तपासले, फिओ नव्हती. कॅल्सिटोनिन ४८००, यकृतात १४ आणि ११ मिमीचे दोन डाग. मान मोकळी राहावी म्हणून थायरॉइड काढली. मग घरातून विचारणा: मोबाइलवर वाचलेली ‘रेटची गोळी’ लगेच का नाही?

गोळी खरी आहे आणि चांगली आहे. व्हँडेटॅनिब २०११ मध्ये आणि कॅबोझँटिनिब २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ती औषधे अनेक प्रथिने एकदम अडवतात, म्हणून जुलाब, हातापायाची कातडी सोलणे, थकवा. सेल्परकॅटिनिब मुख्यतः रेटलाच अडवते. लिब्रेटो-५३१ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९१ रुग्ण होते. वर्षभर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण सेल्परकॅटिनिब गटात ८६.८ टक्के आणि जुन्या औषधांच्या गटात ६५.७ टक्के.

त्या चाचणीत घेतलेल्या रुग्णांचा आजार स्कॅनवर वाढताना दिसलेला होता, हे बातम्यांमध्ये येत नाही. नुसता कॅल्सिटोनिनचा आकडा पाहून गोळी सुरू करायची नाही. ती आजार मुळातून घालवत नाही आणि सुरू केली की चालूच ठेवावी लागते. म्हणून सूनबाईंना ती नाही. सासूबाईंच्या सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये डाग १९ आणि १५ मिमी झाले. बेरीज २५ वरून ३४. वीस टक्क्यांहून आणि ५ मिमीहून जास्त वाढ, म्हणजे मान्य निकषाने आजार वाढतो आहे. मुंबईच्या कर्करोग केंद्राने आता सेल्परकॅटिनिबची शिफारस केली. वजन ४६ किलो, ५० च्या आत, म्हणून १६० ऐवजी १२० मिग्रॅ दोन वेळा.

सुरू करताना पहिले तीन महिने यकृताच्या तपासण्या दर दोन आठवड्यांनी, ईसीजी, बीपी. आणि एक खास इथली अडचण: सासूबाई वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेतात. पोटातले आम्ल कमी असले की सेल्परकॅटिनिब नीट शोषले जात नाही. ‘गॅसची गोळी’ सोडवता आली तर उत्तम, नाहीच सुटली तर सेल्परकॅटिनिब जेवणासोबतच.

फिओसाठीही गोळी आली आहे. बेल्झुटिफान मे २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या किंवा पसरलेल्या आजारासाठी, आणि चाचणीत गाठी आकसल्या त्या २६ टक्के रुग्णांत. मेन-२ मधली फिओ क्वचितच पसरते. या घराला तिचा उपयोग नाही.

चार वर्षांचा मुलगा

कोडॉन ६३४ असलेल्या मुलाची थायरॉइड पाचव्या वर्षापर्यंत काढावी, अशी शिफारस आहे. ‘पोरगं ठणठणीत खेळतंय, त्याचा गळा कशाला कापायचा?’ हा सासूबाईंचा प्रश्न होता, आणि तो गैर नाही. उत्तर कॅल्सिटोनिनच्या कागदावर होते, मुलाचा आकडा आताच वाढलेला. या टप्प्यावर कर्करोग सहसा लसिका ग्रंथींत गेलेला नसतो आणि एकच शस्त्रक्रिया पुरते. फक्त ती लहान मुलांच्या थायरॉइडचा हात बसलेल्या शल्यविशारदाकडेच करायची. या वयात पॅराथायरॉइड तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असतात. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, इथे सोयीपेक्षा हात महत्त्वाचा. नंतर थायरॉक्सिन रोज सकाळी, गोळी पाण्यात चुरून, उपाशीपोटी, आणि लोहाच्या औषधापासून चार तास लांब. फिओसाठी वर्षातून एकदा तपासणी अकराव्या वर्षापासून.

वंशवेलीतली दोन घरे अजून बाकी आहेत. परभणीला दिलेली नणंद यायला तयार आहे. चुलते आणि त्यांची तीन मुले दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. या पाचही जणांसाठी ईडीटीए नळ्या, रुग्णाच्या अहवालाची प्रत आणि कोडॉनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवली आहे. चिठ्ठीवर खाली एक ओळ आहे: यातल्या कुणाचीही कसलीही शस्त्रक्रिया ठरली तर आधी मेटानेफ्रिन्स, आणि तोवर मेटोक्लोप्रमाइड नको, एकटा बीटा-ब्लॉकर नको.